६६ किलोडाल्टनचा तो जाड बँड: लेबलिंग करताना बीएसए कुठे घालायचं आणि कुठे नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच लक्षात येईल. एचईके २९३ (मानवी मूत्रपिंडापासून वाढवलेल्या) पेशी, दहा सेंटिमीटरची डिश. पृष्ठभागावरच्या प्रथिनांना सल्फो-एनएचएस-एलसी-बायोटिन (प्रथिनाला चिकटणारी बायोटिनची खूण) लावायचं आणि तुमचा रिसेप्टर पेशीच्या बाहेर किती आहे ते पाहायचं. हाताशी दोन प्रोटोकॉल. सीनियरच्या वहीतला म्हणतो, बफरमध्ये १ टक्का बीएसए (बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, गाईच्या सीरममधलं प्रथिन) घाला, पेशी सुखात राहतात. किटबरोबर आलेल्या कागदावर प्रथिनाचं नावसुद्धा नाही. तुम्ही सुवर्णमध्य काढून ०.१ टक्का घातलं. ब्लॉटवर (आकारानुसार वेगळी केलेली प्रथिनं उतरवलेल्या पडद्यावर) बायोटिनला धरून त्याची जागा दाखवणारं स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी लावल्यावर ६६ किलोडाल्टनच्या आसपास काळाकुट्ट बँड आला आणि बाकीची लेन जवळजवळ कोरी. आता तुम्ही विचारताय, बीएसए नेमकं किती टक्के घालायचं?

या पायरीला शून्य. पण त्याच दिवशी संध्याकाळी ब्लॉट ब्लॉक करताना (पडद्यावरची मोकळी जागा प्रथिनाने भरताना) तेच बीएसए तुम्हाला लागणार आहे, आणि तिथे त्याऐवजी दूध पावडर वापरलीत तर वेगळा घोटाळा होईल. म्हणून टक्केवारीपेक्षा मला वेळ महत्त्वाची वाटते. बीएसए कुठल्या पायरीला आत येतं आणि कुठल्या पायरीच्या आधी बाहेर जातं, हे ठरलं की टक्केवारीचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं.

आधी थोडा हिशोब करू. एनएचएस एस्टरला, म्हणजे तुमच्या बायोटिनच्या चिकटणाऱ्या टोकाला, पेशी ओळखता येत नाही. मोकळा प्राथमिक अमाइन दिसला की तो चिकटतो, म्हणजे मुख्यतः लायसिनच्या टोकाला. बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनमध्ये ५८३ अमिनो आम्लं आहेत, त्यांत ५९ लायसिन. साखळीच्या सुरुवातीचा अमाइन धरला तर ६०. रेणुभार सुमारे ६६.५ किलोडाल्टन. ०.१ टक्का म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण १५ मायक्रोमोलर. त्याला ६० ने गुणा, अमाइन झाले ०.९ मिलिमोलर. तुमचं बायोटिन अर्धा मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आहे, म्हणजे तेसुद्धा सुमारे ०.९ मिलिमोलर. पेशीचा विचार करायच्या आधीच जितके बायोटिनचे रेणू तितके अल्ब्युमिनचे हात पुढे आलेले. वहीतल्या १ टक्क्याला तर एकास दहा. सगळे लायसिन सारखे हाती लागत नाहीत हे खरं, काही घडीच्या आत दडलेले असतात, पण पेशीच्या प्रथिनांनाही तोच नियम लागू आहे.

वजनाने पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. भरलेल्या दहा सेंटिमीटरच्या डिशमध्ये एक कोटीच्या आसपास पेशी असतात आणि त्यांचं सगळं मिळून प्रथिन एक-दोन मिलिग्रॅम. पृष्ठभागावरचं त्यातलं अगदी थोडं. तुम्ही तीन मिलिलिटर बफर घातलंत म्हणता, म्हणजे ३ मिलिग्रॅम अल्ब्युमिन ओतलंत. पंगतीला दहा पाहुणे बोलावले आणि दारात शंभर जण येऊन बसले, तर श्रीखंड कोणाच्या पानात जाणार?

इथे दोन वेगळी नुकसानं होतात आणि ती वेगळी ठेवलेली बरी. पहिलं, अल्ब्युमिन बायोटिन खाऊन टाकतं, म्हणून तुमची लेन फिकी. दुसरं, बायोटिन लागलेलं अल्ब्युमिन पेशींना आणि प्लॅस्टिकला चिकटून राहतं आणि लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या द्रवात) येतं, म्हणून तो बँड. नंतर कितीही वॉश केले तरी दुसरं नुकसान थोडं कमी होईल, पहिलं भरून येणार नाही. खर्च झालेलं बायोटिन परत येत नाही.

आता थोडं थांबा. तो बँड अल्ब्युमिनचाच आहे, हे तुम्ही धरून चाललाय आणि मीही आतापर्यंत तेच धरून बोलले. बहुधा ते खरं आहे, पण पडताळा करा. कारण बायोटिन न लावलेल्या पेशींतही स्ट्रेप्टाव्हिडिनला बँड दिसतात. पेशीच्या स्वतःच्या काही कार्बोक्झिलेज एन्झाइम्सवर बायोटिन मुळातच जोडलेलं असतं: पायरुव्हेट कार्बोक्झिलेज १३० किलोडाल्टनच्या आसपास, आणि प्रोपिओनिल व मिथाइलक्रोटोनिल कार्बोक्झिलेजचे मोठे तुकडे ७२ ते ७५ च्या पट्ट्यात. छोट्या जेलवर, मार्कर थोडा वाकडा धावला असेल तर ७२ आणि ६६ मध्ये फरक करणं डोळ्यांनी कठीण आहे. म्हणून तीन लेन चालवा. एक, बायोटिन न लावलेल्या पेशी, बाकी सगळं तसंच. दोन, बायोटिन लावलेल्या. तीन, पेशी नसलेली डिश: त्यात तुमचं सीरमवालं मीडिया (पेशी वाढवायचं पोषक द्रव) एक रात्र ठेवायचं, काढायचं, वॉश करायचे, बायोटिन लावायचं, आणि मग रिकाम्या डिशवर लायसिस बफर फिरवून तेच लोड करायचं. पहिल्या लेनमध्ये बँड असेल तर तो पेशीचा स्वतःचा. तिसरीत असेल तर प्लॅस्टिकला चिकटलेल्या सीरमचा. ही तिसरी लेन कोणी चालवत नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त बोलते तीच.

कारण बीएसए तुम्ही बफरमध्ये घातलं नाही तरी ते डिशमध्ये आहेच. १० टक्के एफबीएसच्या (गाईच्या गर्भाच्या सीरमच्या) मीडियात अल्ब्युमिन प्रति मिलिलिटर साधारण २ मिलिग्रॅम असतं. लॉटप्रमाणे कमीजास्त. मीडिया ओढून घेतल्यावर डिश तिरकी करा, कडेला एक पातळ चंद्रकोर जमते. ती बहुतेक वेळा शंभर मायक्रोलिटरच्या घरात असते. म्हणजे २०० मायक्रोग्रॅम अल्ब्युमिन मागे राहिलं. पाच मिलिलिटरने एकदा वॉश केला आणि पुन्हा शंभर मायक्रोलिटर मागे ठेवले, तर उरले ४ मायक्रोग्रॅम. दुसऱ्या वॉशनंतर मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी. तिसरा वॉश हा मनाच्या समाधानासाठी, पण तो करा. स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी नॅनोग्रॅमसुद्धा दाखवतं, तिथे समाधानालाही किंमत आहे. मात्र हा हिशोब पाण्यात तरंगणाऱ्या अल्ब्युमिनचा झाला. पृष्ठभागाला चिकटलेलं याला जुमानत नाही.

ते सुटावं म्हणून मी वॉशच्या आधी पेशींना अर्धा तास सीरम नसलेल्या मीडियात ३७ अंशांवर ठेवते. थोडं सुटतं, थोडं पेशी आत घेतात. हे करायचं की नाही, हे तुमच्या रिसेप्टरवर अवलंबून आहे. वाढीच्या घटकांना प्रतिसाद देणारा रिसेप्टर असेल, तर सीरम काढताच त्याचं पृष्ठभागावरचं प्रमाण हलू लागतं, आणि तुम्हाला मोजायचंय नेमकं तेच. तसं असेल तर ही पायरी गाळा आणि तिसऱ्या लेनमधला बँड सहन करा. पार्श्वभूमी स्वच्छ पण आकडा खोटा, यापेक्षा पार्श्वभूमी घाण पण आकडा खरा हे मला कधीही चालेल.

सीनियरच्या वहीबद्दल. त्यांना मूर्ख ठरवू नका. ‘पेशी सुखात राहतात’ यात तथ्य आहे, फक्त ते दुसऱ्या प्रयोगातलं आहे. पेशी तरंगत्या असतील, सतत पिपेटमधून वरखाली होत असतील, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरत असतील, तर अल्ब्युमिन त्यांना घासाघाशीपासून वाचवतं, नळीच्या भिंतीला चिकटू देत नाही, सैल सुटलेली फॅटी ॲसिड्स उचलून घेतं. बर्फावर अर्धा तास चिकटून बसलेल्या एचईकेना यातलं काही लागत नाही. त्यांचा खरा त्रास निराळाच आहे. एचईके मुळात डिशला सैल धरतात, त्यात गार बफर आणि कॅल्शियम नसलेलं पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर) मिळालं की पदरासारख्या उचलल्या जातात. औषध कॅल्शियम-मॅग्नेशियम आहे: पीबीएसमध्ये ०.१ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. ते घातलंत तर बीएसएची आठवणही येणार नाही. बफर ओतताना डिशच्या भिंतीवरून ओता, पेशींवर धार धरू नका.

आणि पेशी सुटू नयेत म्हणून डिशला पॉलीलायसिन लावली असेल तर हसू नका, तिथेही लायसिनच आहेत, नावातच सांगितलंय. तो थर अगदी पातळ असतो, बायोटिन फारसं संपवत नाही, पण पेशींच्या फटींतून दिसणारा भाग लेबल होतो. ब्लॉटवर त्याचा त्रास होत नाही. मायक्रोस्कोपखाली मात्र काच चमकते आणि आपण पेशींना दोष देत बसतो.

आता तुमच्या मनातला खरा गोंधळ: एका प्रोटोकॉलमध्ये बीएसए हवंच आणि दुसऱ्यात नकोच, असं का? मी इतकी वर्षं नव्या मुलांना एकच विचारते. तुमचं लेबल आधीच कशाला तरी जोडलेलं आहे, की ते जोडीदार शोधत फिरतंय? फिरतं असेल तर बीएसए स्पर्धक आहे. जोडलेलं असेल तर बीएसए बहुतेक वेळा मदतनीस. ‘बहुतेक’ म्हणाले, कारण चरबीत विरघळणाऱ्या रंगांचं प्रकरण या दोन्ही खणांत बसत नाही. त्याकडे येते.

फिरत्या लेबलांत तुमचं बायोटिन आलं, आणि फ्लो सायटोमेट्रीतले (पेशी एकेक करून लेझरसमोरून मोजायच्या पद्धतीतले) मृत पेशी ओळखणारे अमाइनला चिकटणारे रंगही आले. यावर आमच्याकडे घडलेली गोष्ट सांगते. एक औषध पेशी मारत नाही, असं तीन आठवडे आम्ही मानून चाललो होतो. ४८ तासांनंतर फ्लोवर मृत पेशी पाच टक्के. फ्लास्कमध्ये बघावं तर निम्म्या पेशी गोल होऊन तरंगतायत. शेवटी वैतागून एका मुलीने त्याच पेशी ट्रिपॅन ब्लूमध्ये मोजल्या, तर दर पाचांतल्या दोन निळ्या, म्हणजे मेलेल्या. झालं असं होतं की बाटलीतलं साधं पीबीएस संपलं म्हणून कोणीतरी रंग थेट एफएसीएस बफरमध्ये बनवला होता, म्हणजे २ टक्के एफबीएस असलेल्या बफरमध्ये, आणि मग तीच सवय पडली. रंग सीरमच्या प्रथिनांनी गिळला, मृत पेशी फिक्या राहिल्या आणि आधीच्या प्रयोगातून उचललेल्या गेटच्या (जिवंत-मृत वेगळं करणाऱ्या रेषेच्या) खाली जाऊन जिवंतांत जमा झाल्या. गेट ठरवायला उष्णतेने मारलेल्या पेशींचा कंट्रोल रोज ठेवला असता, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्या बाटलीवर आता मार्करने मोठ्या अक्षरांत ‘प्रथिन नाही’ असं लिहिलेलं असतं.

सीएफएसई हा रंगही एनएचएसच्याच घराण्यातला, पण त्याच्या प्रोटोकॉलमध्ये ०.१ टक्का बीएसए सर्रास दिसतं आणि ते चालतंही. पेशींच्या पिढ्या मोजायला तो वापरायची पद्धत १९९४ मध्ये लायन्स आणि पॅरिश यांनी कॅनबेराहून प्रसिद्ध केली. हा रंग बाटलीत असतो तेव्हा त्यावर ॲसिटेटचे गट असतात, म्हणून तो विद्युतभाररहित असतो आणि पेशीत झटकन शिरतो. आत एस्टरेज ते गट तोडतात, रंग चमकू लागतो आणि आतल्या प्रथिनांच्या अमाइनना कायमचा चिकटतो. बाहेर थोडं अल्ब्युमिन असेल तर ते काही रंग अडवतं, पण तेवढ्यात बराचसा आत गेलेला असतो. उलट त्या अडवण्याने रंगाचा धक्का सौम्य होतो आणि विषारीपणा कमी होतो. तुमच्या सल्फो-एनएचएस बायोटिनला मुद्दाम ऋणभार दिलाय, तो पडद्याच्या आत जाऊ नये म्हणूनच. म्हणजे त्याला पळून जायला जागा नाही, अल्ब्युमिनबरोबर त्याच पाण्यात उभं राहावं लागतं. एकच रासायनिक हात, पण ०.१ टक्का तिथे चालतं आणि इथे नडतं, ते यामुळे.

सीएफएसईची अभिक्रिया थांबवायलाही सीरमच वापरतात, पाचपट थंड मीडिया १० टक्के एफबीएससह. ते पाहून तुम्हीही बायोटिन थांबवायला सीरम ओताल, तर थांबा. तिथे वाचन पेशीपेशीने होतं, रंगलेलं अल्ब्युमिन वॉशमध्ये जातं, उरलंच तर यंत्राला दिसत नाही. तुमच्याकडे वाचन ब्लॉटवर आहे, तिथे प्रत्येक नॅनोग्रॅम बँड बनून समोर येतो. तुम्ही १०० मिलिमोलर ग्लायसिन वापरा. तोही अमाइनच, पण इतका छोटा की जेलच्या तळातून निघून जातो. ट्रिसही चालतं, आणि याच कारणासाठी लेबलिंगच्या बफरमध्ये ट्रिस चालत नाही.

लेबल आधीच जोडलेलं असेल, तेव्हाची गोष्ट उलट. समजा रंग लावलेलं ईजीएफ (वाढीचा एक घटक) पेशींना द्यायचंय, तेही नॅनोग्रॅममध्ये. इतकं विरळ प्रथिन साध्या बफरमध्ये ठेवलंत तर ते नळीच्या भिंतीला बसतं आणि पेशींपर्यंत किती पोचलं ते सांगता येत नाही. ०.१ टक्का बीएसए भिंत आधीच व्यापून ठेवतं. इथे सीरम मात्र चालणार नाही, त्यात वाढीचे घटक असतात आणि तेच रिसेप्टर उत्तेजित करतात. बीएसए हवं पण सीरम नको, अशी ही जागा. एलडीएलचं (रक्तात कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांचं) आणखी बारीक आहे. डॅलसमध्ये गोल्डस्टाइन आणि ब्राउन यांनी एलडीएल रिसेप्टरचा शोध लावला, १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. त्या कामात पेशींना लिपोप्रोटीन काढून टाकलेल्या सीरममध्ये ठेवायची युक्ती मध्यवर्ती होती. सीरममधलं कोलेस्टेरॉल बंद झालं की पेशी रिसेप्टर वाढवते, आणि मग लेबल लावलेलं एलडीएल दिसेल इतकं आत जातं. सीरममधलं काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे इतकं नेमकं ठरवावं लागतं.

सिलॅकमध्येही सीरमच आडवं येतं, पण अल्ब्युमिनमुळे नाही. २००२ मध्ये डेन्मार्कच्या ओडेन्समधून, माथियास मान यांच्या प्रयोगशाळेतून ही पद्धत आली. जड लायसिन आणि आर्जिनिन खाऊ घालून पेशीचं सगळं प्रथिन जड करायचं. साध्या सीरममध्ये हलकी अमिनो आम्लं सुटी असतात आणि ती जड आम्लांत मिसळतात, म्हणून डायलाइझ केलेलं सीरम घ्यायचं, बहुधा १० किलोडाल्टनच्या चाळणीचं. त्या चाळणीतून इन्सुलिनही निघून जातं, ते ६ किलोडाल्टनहून कमी आहे, म्हणून काही पेशी त्या सीरममध्ये रडतखडत वाढतात. आणि लेबल पूर्ण व्हायला पाच-सहा दुपटी लागतात. पाच दुपटींनंतर जुनं हलकं प्रथिन बत्तिसाव्या भागापर्यंत येतं, सहानंतर चौसष्टाव्या.

राहिले चरबीत विरघळणारे रंग आणि फॅटी ॲसिड्स, जिथे माझी दोन खणांची वाटणी मोडते. लांब साखळीच्या फॅटी ॲसिडला पाण्यात एकट्याने चालता येत नाही. अल्ब्युमिन त्याची पालखी उचलतं. एका अल्ब्युमिनवर लांब फॅटी ॲसिडसाठी सातेक जागा असतात. भोई जास्त आणि प्रवासी कमी असतील तर कोणी उतरतच नाही, पेशीला फार थोडं मिळतं. प्रवासी जास्त झाले तर काही खाली पडतात आणि पेशीच्या पडद्याला साबणासारखे झोंबतात. म्हणून ‘४०० मायक्रोमोलर पामिटेट दिलं’ या वाक्याला अर्थ नाही, अल्ब्युमिनच्या मानाने किती हे सांगा. दोनास एक आणि सहास एक हे दोन वेगळे प्रयोग आहेत, पामिटेट तितकंच असलं तरी. आणि कंट्रोल म्हणून नुसतं बीएसए दिलेल्या पेशी हव्यातच. याच उचलण्याच्या स्वभावाचा उलटा उपयोगही होतो. लिप्स्की आणि पगानो यांनी १९८५ मध्ये चमकणाऱ्या सेरामाइड या लिपिडने जिवंत पेशीतलं गॉल्जी हे अंगक दाखवलं. त्या जातीच्या लिपिडांना चरबीमुक्त अल्ब्युमिनवर बसवून पेशींकडे नेतात, आणि नंतर तेच अल्ब्युमिन नुसतं देऊन पृष्ठभागावर रेंगाळलेलं लिपिड ओढून घेतात. एकाच प्रयोगात तेच प्रथिन आधी वाहक आणि मग झाडू.

यावरून बाटलीवरचं लेबल वाचायची सवय लावा. ‘फ्रॅक्शन फाइव्ह’ हा शब्द एडविन कोन यांच्या हार्वर्डमधल्या कामातून आला. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी रक्तद्रव्यातून अल्ब्युमिन वेगळं करताना थंड अल्कोहोलने ते टप्प्याटप्प्याने खाली बसवलं, आणि पाचव्या टप्प्यात अल्ब्युमिन आलं. त्याचा अर्थ शुद्ध असा नाही, पाचवा गाळ इतकाच. साध्या फ्रॅक्शन फाइव्हवर फॅटी ॲसिड्स बसलेली असतात, थोडे बोव्हाइन अँटिबॉडी येतात, कधी बायोटिनही. ब्लॉट ब्लॉक करायला ते पुरतं. लिपिडच्या प्रयोगाला चरबीमुक्तच लागतं. प्राथमिक अँटिबॉडी शेळीची असेल तर अँटी-गोट सेकंडरी बोव्हाइन अँटिबॉडीलाही धरू शकते, दोघं रवंथ करणारे, जवळचे नातेवाईक. तेव्हा अँटिबॉडी नसलेल्या ग्रेडचं घ्या, नाहीतर पार्श्वभूमी उजळेल आणि दोष अँटिबॉडीवर जाईल.

ब्लॉट ब्लॉक करायला दूध का नको तेही आलंच: दुधात बायोटिन असतं, ते स्ट्रेप्टाव्हिडिन अडवून ठेवतं. तिथे ३ टक्के बीएसए. मीडियाचंही बघा. आरपीएमआय १६४० मध्ये प्रति लिटर ०.२ मिलिग्रॅम बायोटिन आहे, डीएमईएममध्ये अजिबात नाही. तुमच्या एचईके डीएमईएममध्ये असतील तर ही काळजी मिटली, पण जिवंत पेशींवर थेट स्ट्रेप्टाव्हिडिन लावणाऱ्या शेजाऱ्याला सांगून ठेवा.

तर पुढच्या वेळी तुमच्या जागी मी असते तर असं करेन. मीडिया ओढून घेऊन डिश तिरकी धरायची, चंद्रकोर पुन्हा ओढायची. कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या गार पीबीएसने तीनदा वॉश, दर वेळी तिरकं धरून. इथून पुढे सगळं बर्फावर, म्हणजे पेशी लेबल झालेली प्रथिनं आत ओढणार नाहीत. बायोटिनची कुपी फ्रीझरमधून काढून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. पावसाळ्यात तर अजिबात नाही. जुलैत पुण्यात गार कुपी उघडली की आत दव धरतं, मग कोकणाचं तर विचारूच नका. एनएचएस एस्टर पाण्याने मरतो: पीएच ७ ला शून्य अंशावर त्याचं अर्धायुष्य चार-पाच तास, पीएच ८.६ ला चार अंशांवर फक्त दहा मिनिटं. म्हणून बफर पीएच ८ च्या आत ठेवायचं आणि बायोटिन पेशींवर घालायच्या मिनिटभर आधी विरघळवायचं, ‘सकाळी बनवून ठेवलंय’ असं नाही. तीस मिनिटं, मधूनमधून हलक्या हाताने डिश फिरवायची. मग ग्लायसिन, दहा मिनिटं, दोनदा. एक वॉश. लायसिस.

आतली प्रथिनं लेबल झाली नाहीत ना, हे पाहायला अॅक्टिन या पेशीच्या आतल्या प्रथिनासाठी पुल-डाउनचा (स्ट्रेप्टाव्हिडिनच्या मण्यांनी ओढलेल्या बायोटिनवाल्या प्रथिनांचा) ब्लॉट करा. तो बँड ठळक आला तर पेशी फाटल्या होत्या आणि बीएसएवरची ही सगळी चर्चा तुमच्या कामाची नाही. आणि कोणी एसएस प्रकारचं (मधे डायसल्फाइडचा जोड असलेलं) बायोटिन सुचवलं तर सॅम्पल बफरमधल्या डीटीटीने ते तुटून पडतं हे विसरू नका. तसल्या कोऱ्या ब्लॉटला बीएसए जबाबदार नसतं.

पेशी तरंगत्या किंवा फार नाजूक असतील आणि बफरमध्ये काहीतरी हवंच असेल, तर अमाइन नसलेलं काही घ्या, प्लुरॉनिक एफ-६८ ०.१ टक्का मी वापरलंय. जिलेटिन नको, तेही प्रथिनच.

फ्रीझरमध्ये पडलेल्या जुन्या लायसेटचं काय करायचं, असंही तुम्ही विचारलं होतं. फेकू नका. त्यांतून नवा निष्कर्ष निघणार नाही, कारण किती बायोटिन पेशींपर्यंत पोचलं ते डिशगणिक वेगळं असणार. पण पुल-डाउन करून तुमच्या रिसेप्टरच्या अँटिबॉडीने ब्लॉट करा. अल्ब्युमिन मण्यांवरची बरीच जागा खाईल, म्हणून मणी नेहमीच्या दुप्पट घ्या, आणि मण्यांनी न पकडलेला द्रवही शेजारच्या लेनमध्ये लोड करून स्ट्रेप्टाव्हिडिनने बघा. त्या लेनमध्ये अजून बायोटिन दिसत असेल तर मणी भरले होते, आणखी वाढवा. दिसत नसेल आणि रिसेप्टरचा बँड फिका का होईना पण आला असेल, तर तुमची अँटिबॉडी आणि पुल-डाउन दोन्ही चालतात हे तरी पक्कं झालं, आणि नवी डिश लावताना ती एक काळजी कमी.